एक इकडची, एक तिकडची

"काढ," मी म्हटलं.

मालन काढेना. जिममधल्या वजनाच्या बारच्या पलीकडच्या टोकाला ती उभी होती, हात लोखंडी प्लेटवर ठेवून, आणि माझ्याकडे न बघता त्या झेंडूच्या हाराकडे बघत होती. हार दसऱ्याचा. दिवाळी दारात आली तरी बारवर तसाच लोंबत होता, वाळून काळपट पडलेला. कुणी जवळून गेलं की पाकळ्या बेंचवर गळायच्या आणि त्या आम्हीच झाडायच्या.

"काढ की गं. एक तुझ्याकडची, एक माझ्याकडची. रोज काढतोच की आपण."

"ह्यो रोजचा बार न्हवं, वैजू. मानाचा हाय. राहू दे. डंबेल मारू."

"डंबेल मारून गोळा लांब जातोय व्हय?"

तिनं बेंचवर पडलेली एक पाकळी झाडली. मालनचं हेच मला डोक्यात जायचं. अन्याय समोर दिसला की ती गप्प बसायची, आणि मला तोंड आवरायचं नाही.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वैजयंता खोराटे, आज पोलिसात हवालदार आहे. तेव्हा गडहिंग्लजला भरतीची तयारी करत होते. मालन मगदूम माझ्याबरोबर होती. ती दुंडग्याहून सायकलनं यायची, सकाळी ब्लाउज शिवायची, दुपारी जिममध्ये घाम गाळायची. धावण्यात ती माझ्या कायम दहा पावलं पुढं. गोळा मात्र पास व्हायला हातभर कमी पडायचा. तेवढं हातभर अंतर तिला मिळवायचं होतं, कारण जानेवारीत तिचं भरतीचं वय संपत होतं. भावानं तिला स्पष्ट सांगितलं होतं, या खेपेला लागलीस तर लाग, नाहीतर तुळशीची लग्नं झाली की तुझं. नवराही बघून ठेवला होता, संकेश्वरकडचा एक बिजवर, पहिल्या बायकोची दोन पोरं असलेला. मालन त्याच्याबद्दल एवढंच म्हणायची, "माणूस वाईट न्हाई म्हणत्यात." आणि मग बेंचवर आडवी व्हायची.

हात आणि छाती भरायची तर बेंच प्रेस पाहिजे. आणि बेंच प्रेसचं धड स्टँड जिममध्ये एकच होतं. त्यावर हा मानाचा बार येऊन बसला होता.

जिम सरनोबतांची. आधी तिथं तालीम होती; आखाडा बुजवून फरशी घातली, आरसे लावले, आणि 'कै. रणजित सरनोबत व्यायामशाळा' अशी पाटी चढवली. चालवायचा रणजितरावांचा मुलगा, धैर्यशील. बत्तीस वर्षांचा, दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवून घेतलेल्या. आतल्या भिंतीवर त्यानं नियम रंगवून घेतले होते, मोठ्या लाल अक्षरांत. वापरलेले वजन जागेवर ठेवा. घाम पुसा. इतरांना संधी द्या. पण त्याच भिंतीच्या खिळ्यावर धैर्यशीलचा स्वतःचा ओला शर्ट वाळत असायचा, त्यामुळे 'इतरांना संधी द्या' हे शर्ट धुवायला जायचा त्या दिवशीच दिसायचं.

बायकांची बॅच दुपारी दोन ते चार. म्हणजे पुरुषांची सकाळ संपल्यावर जे काही उरेल ते आमचं. बेंचवर घामाचे पाठीएवढे डाग. ते पुसायला आम्ही घरून जुन्या साडीचे तुकडे आणायचो. प्लेटा कुठंही पडलेल्या. एक खिडकीत, एक दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावलेली, दोन सायकलीखाली. आमच्या दोन तासांतली पहिली वीस मिनिटं दुसऱ्यांचं आवरण्यात जायची. घरी आवरायचं, इथंही आवरायचं. आणि साडेतीन झाले नाहीत तोवर पहिले पैलवान दारात हाताची घडी घालून उभे. "झालं का, ताई?" आवाज कसा, तर लग्नाच्या पंगतीत पानावर बसलेल्याला उठवायला पाठीशी उभं राहावं तसा.

तरी तोवर निभत होतं. पुरुष बारवर शंभर किलो ठेवून गेले तर आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या राहायचो आणि उतरवायचो. एक इकडची, एक तिकडची. हे धैर्यशीलनंच पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं, ते नाकारणार नाही. "एकाच अंगाच्या सगळ्या काढल्या तर बार उलटतोय," तो म्हणाला होता. "जीव जाईल कुणाचातरी. दोघींनी बरोबर काढायच्या." मग आमची सवयच झाली. मी 'काढ' म्हणायचे, मालन 'काढली' म्हणायची.

खंडेनवमीला जिममधल्या सगळ्या सामानाची पूजा झाली. दसऱ्याला धैर्यशीलनं सगळ्या गावासमोर एकशे चाळीस किलो उचलले, बार परत स्टँडवर ठेवला, त्याला हार घातला आणि जाहीर केलं, "आजपासनं हा मानाचा बार. एकशे चाळीस जो उचलंल त्यानंच पुढं वजन चढवायचं. तोवर कुणी प्लेट हलवायची न्हाई."

हे त्यानं हवेतून काढलं नव्हतं. त्याला आधार होता, आणि तो आधार जिमच्या दारातच पडलेला होता.

दाराच्या मधोमध एक काळा दगडी गोटा होता. कलिंगडाहून मोठा, गुळगुळीत, तीन मण तरी वजनाचा. तालमीच्या काळात जोर आजमावायला असले गोटे उचलायचे. हा गोटा रणजितरावांनी आतल्या मारुतीजवळच्या चौथऱ्यावरून उचलला, खांद्यावर घेऊन दारापर्यंत आणला आणि तिथं ठेवला, अशी गोष्ट. त्यानंतर तो कुणालाच उचलता आला नाही, म्हणून तीस वर्षं तिथंच. त्यावर पांढऱ्या रंगात रणजितरावांचं नाव आणि तारीख. आत जाताना पोरं गोट्याला हात लावून तो कपाळाला लावायची. आणि अंधूक उजेडात येणारं प्रत्येक माणूस त्याला ठेचकाळायचं. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख त्यानं एकदा घालवलं आहे.

"माझ्या वडलांनी गोटा ठेवला, तो मान हलला न्हाई," धैर्यशील सांगायचा. "तसा ह्यो माझा बार."

मी त्याला तेव्हा धैर्यशीलदादा म्हणायचे. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी त्याच्या टेबलापाशी गेले. "दादा, आमच्या टायमाला बार मोकळा करून देता का? आम्हीच उतरवू, आम्हीच परत चढवू. प्लेट जशीच्या तशी."

"मान एकदा मोडला की परत चढवून जोडत न्हाई, ताई."

"भरती आलीया हो. मालनचं शेवटचं वर्ष हाय."

"डंबेल हाईत की. साडेसात किलोचं. बायकांना लई झालं तेवढं." मग मोबाइलकडे बघत, "आणि धावा. बायकांची भरती धावण्यावर असती."

मी तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी 'दादा' म्हणून, प्रत्येक वेळी हळू आवाजात. आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी तीनदा हळू आवाजात विचारलं. तिसऱ्या वेळी तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही एकशे चाळीस उचला, बार तुमचा." मागे उभे असलेले दोघे-तिघे खिदळले. मालननं माझा दंड धरून मला बाहेर आणलं, नाहीतर त्याच दिवशी काहीतरी झालं असतं.

मालन नदीकाठचा एक गोल धोंडा आणून शेताच्या बांधावर टाकायचा सराव करू लागली. धोंडा हातभर कमीच पडत होता.

भरतीला सोळा दिवस उरले होते. त्या दुपारी जिममध्ये आम्ही दोघीच. धैर्यशील आतल्या खोलीत जेवत होता. मी बारच्या एका टोकाला जाऊन उभी राहिले, आणि वर सांगितलं ते बोलणं झालं.

"मालन, शेवटचं सांगते. काढ तुझ्याकडची."

"न्हाई, बाई. उगं भांडान होईल. मग बॅचच बंद करतील ती. सोळा दिस हाईत, नीट जाऊ दे."

"तू अशी हाईस म्हणून त्यांचं फावतंय."

"असू दे."

त्या 'असू दे'नं माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यासाठी मी तीनदा हात जोडले, तिच्यासाठी लोक मला हसले, आणि ही म्हणते असू दे. "तू काढत न्हाईस न्हवं? मग मी काढते," असं म्हणून मी माझ्याकडची पहिली प्लेट ओढली आणि खाली आपटली. वीस किलोची. मग दुसरी. मालन म्हणाली, "वैजू, थांब." ते मी ऐकलं. ते मी स्वच्छ ऐकलं, आणि तिसरी ओढली.

पुढचं एका श्वासात झालं. माझ्या बाजूचं टोक हलकं होऊन वर उसळलं, माझ्या कानाजवळून गेलं. पलीकडचं साठ किलोचं टोक खाली आलं. मालनच्या अंगावर नाही, तिच्या शेजारी. बाजूला सरली असती तर तिला काही झालं नसतं. पण पडणारी वस्तू दिसली की ती धरायची, हा तिचा स्वभाव. तिनं हात पुढे केला. बार आणि स्टँडचा लोखंडी खांब यांच्यामध्ये तिचा उजवा पंजा सापडला.

ती ओरडली नाही. 'आई गं' सुद्धा म्हणाली नाही. नुसती खाली बसली आणि डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ठेवला, शिवायला घेतलेलं कापड ठेवावं तसा.

आवाज ऐकून धैर्यशील खरकट्या हातानं धावत आला. त्यानं पडलेला हार बघितला, प्लेटा बघितल्या, मालनकडे बघितलं. आणि पहिलं वाक्य बोलला, "बार वाकला न्हाई न्हवं?"

माणूस असं बोलू शकतो यावर माझा आजही विश्वास बसत नाही. पोलिसात राहून मी बरंच ऐकलं आहे. पण कधी झोप लागली नाही की हेच वाक्य मला ऐकू येतं.

रिक्षा मी बोलावली. डॉक्टरांनी फोटो काढला. पंजाची दोन हाडं आणि मनगट. सहा आठवडे प्लास्टर. मालननं फक्त एक विचारलं, "सोळा दिसांत उघडता येईल का?" डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. तिला घरी सोडली तेव्हा तिचा भाऊ ओसरीत होता. त्यानं प्लास्टर बघितलं आणि एवढंच म्हणाला, "मिटलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी जिममध्ये गेले. पुरुषांच्या बॅचमध्ये. बाई त्या वेळी त्या दारातून कधी आत गेली नव्हती. दाराशी खुर्ची टाकून वस्ताद बसले होते, धैर्यशीलचे थोरले चुलते हिंदुराव सरनोबत. जुन्या तालमीचे वस्ताद, पंच्याहत्तरी ओलांडलेली, कान फुटलेले. रोज सकाळी दोन तास खुर्चीत बसायचे आणि कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. मी गोट्याला वळसा घालून आत शिरले. वस्तादांनी नुसतं वर बघितलं.

आत तीस-एक पुरुष होते. आणि स्टँडवर बार होता. सहाच्या सहा प्लेटा, एकशे चाळीस किलो. त्यावर तोच हार, तुटलेल्या ठिकाणी सुतळीनं बांधून परत घातलेला.

मी गेले होते दोन शब्द सुनवायला. हार बघितला आणि मला पुढचं दिसेनासं झालं.

"लेडीज बॅच दोनला असती, ताई," धैर्यशील म्हणाला.

"बार परत कुणी भरला?"

"मी भरला. का?"

"काल हितं मालनचा हात मोडलाय."

"वाईट झालं." तो खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला. "पर महिनाभर सांगतोय मी, हात लावू नका म्हणून. पहिल्या दिवशी शिकवलंय, एका अंगाच्या सगळ्या काढू नका म्हणून. कुणी काढल्या? मी काढल्या?"

त्याचं म्हणणं खरं होतं. आणि ज्याच्यावर राग आहे त्याचं म्हणणं खरं निघावं, याच्यासारखी आग दुसरी नाही.

"आम्ही तीनदा मागितला बार. तीनदा. हात जोडून."

"मान मागून मिळत न्हाई."

"कसला मान?" माझा आवाज चढला. आरशासमोरचे सगळे थांबले. "वापरलेलं वजन जागेवर ठेवा, हे कुणी लिवलंय भिंतीवर? तूच न्हवं? घाम पुसा म्हणून लिवलंयस, तुमचा घाम मी पुसते. रोज. आईच्या लुगड्याच्या चिंध्यांनी." 'तू' कधी झाला ते मला कळलं नाही. "तुझ्या बापानं धोंडा वाटंत टाकला, तू बार टाकलास. दोघांनी मिळून लोकांची वाट अडवलीया, दुसरं काय केलंय?"

कुणीतरी हातातलं डंबेल खाली ठेवलं. धैर्यशील माझ्याकडे चालत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "बाईमाणूस म्हणून सोडतोय," तो म्हणाला. "माझ्या वडलांचं नाव घेऊ नगंस."

"धैर्या."

वस्ताद खुर्चीतून उठले होते. भिंतीला धरून आत आले.

"ती खरं बोलली," ते म्हणाले.

"आबा, तुम्ही मधी पडू नका."

"मधी पडायला तीस वर्सं उशीर झालाय. ऐक." वस्ताद बेंचच्या कडेवर बसले. त्यांचा आवाज बारीक होता, पण पंखासुद्धा कुणीतरी बंद केला. "गोटा उचलायचा कायदा काय होता, ठाऊक हाय तुला? चौथऱ्यावरनं उचलायचा, आखाड्याला एक फेरी मारायची आणि परत चौथऱ्यावर ठेवायचा. जागेवर ठेवला तर उचलला. न्हाई ठेवला तर उचललाच न्हाई. माझ्या वस्तादांचा कायदा, त्यांच्या वस्तादांचा कायदा."

"मग माझ्या वडलांनी..."

"रणजित गोटा घेऊन दारापतोर गेला. रस्त्यावर बायका-पोरं जमल्याली, त्यांना दाखवायचा होता. तिथं दम तुटला आणि टाकला. परत उचलंना. मी म्हटलं, असू दे, उद्या आणून ठेव. उद्याचा परवा झाला. लाजला त्यो, तालमीत यायचाच बंद झाला. महिन्याभरात मोटारीखाली सापडला." वस्तादांनी दाराकडे बघितलं. "दहाव्याला तुझ्या आईनं त्या गोट्याला हार घातला. तू दोन वर्सांचा, तिच्या कडंवर. मी काय बोलणार? लोक पाया पडाय लागले. मी बघत बसलो. भावाची फजिती झाकली जातीया, तर जाऊ दे म्हटलं. आता तू त्याच्यावर कायदा बांधलास. पोरीचा हात मोडला. चूक माझी हाय."

धैर्यशील उभाच होता. एवढा मोठा माणूस, पण दप्तर हरवलेल्या पोरासारखा दिसत होता. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला बरं वाटत होतं. मला फार बरं वाटत होतं.

मग तो बेंचपाशी गेला. हार काढला, घडी करून खिडकीत ठेवला. डावीकडची एक प्लेट काढली, उचलून भिंतीजवळच्या खुंटाला लावली. परत आला. वळसा घालून उजवीकडची काढली. खुंटाला लावली. परत डावीकडे. दोन-चार जण मदतीला पुढं झाले तेव्हा वस्ताद म्हणाले, "कुणी हात लावायचा न्हाई." सहा प्लेटा त्यानं एकट्यानं उतरवल्या. एक इकडची, एक तिकडची. सगळी जिम बघत होती. शेवटची लावून झाल्यावर तो खिळ्यावरचा शर्ट घेऊन आला आणि त्यानं बेंच पुसला.

मी घरी आले ती नाचतच. आईला सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, दुपारी पुन्हा आईला सांगितलं. एकेक वाक्य सुधारत गेले. ऊन उतरल्यावर सायकल काढली आणि दुंडग्याला गेले, मालनला सांगायला.

ती ओसरीत शिलाई मशीनपाशी बसली होती. प्लास्टरचा हात मांडीवर, डाव्या हातानं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न चालला होता. मी बसायच्या आधीच सुरू झाले. हार कसा बांधला होता, मी काय म्हटलं, तो कसा लाल झाला, वस्ताद काय बोलले, प्लेटा कशा उतरवल्या. धैर्यशीलची नक्कलही करून दाखवली. "धोंडा बी आत नेऊन ठेवणार हाय म्हणं आता. चौघं लागतील. त्यांचा मान असा उतरवलाय मी, मालन, जन्मात विसरायचा न्हाई त्यो."

मालन दोरा ओवत राहिली. दोरा सुईच्या शेजारून जात होता.

"दुपारी येऊन गेला त्यो," ती म्हणाली.

"कोण?"

"धैर्यशीलदादा. हितंच बसला, खाली. आईनं चटई टाकली तर चटईवर सुदा बसंना. चुकलं म्हणाला. भावाला भेटला, लग्न एक वरीस पुढं ढकला म्हणाला. भाऊ ऐकतोय कुठं. पर म्हणाला."

"म्हणायलाच पायजे होतं. माझ्यामुळं आला त्यो."

"व्हय. तुझ्यामुळंच." तिनं सुई खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तू कशाला आलीयास?"

"म्हंजे? तुला सांगायला. तुझ्यासाठी भांडून आले की मी."

"मी थांब म्हटल्यालं ऐकू आलं हुतं न्हवं तुला?"

मी मशीनच्या चाकाकडे बघायला लागले.

"मान त्येचा, वैजू," ती म्हणाली, "राग तुझा. हात तेवढा माझा."

आवाज चढवून म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती दुधाचा हिशेब सांगावा तशी म्हणाली आणि परत सुई उचलली.

एक शब्द बोलायचा होता. जो तो पैलवान खाली बसून बोलून गेला होता तोच. माझ्या तोंडात होता. पण खरं सांगायचं तर तेव्हासुद्धा मला रागच आला. एवढं करून वर हेच ऐकायचं, असं वाटलं. मी उठले, चपला घातल्या, "येते" सुद्धा म्हटलं नाही. तिच्या आईनं चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

गावाबाहेरचा चढ चढून आल्यावर धाप लागली म्हणून थांबले. संध्याकाळ होत होती. मागं वळून बघितलं तर त्यांची ओसरी दिसत होती. परत जावं, तो एक शब्द बोलून यावं, चहा प्यावा, असं वाटलं. दहा मिनिटांचा रस्ता होता, आणि तोही उताराचा.

मी घरी गेले. सोळाव्या दिवशी, माझ्या बाजूला उभं राहायला कुणी नसताना, गोळा टाकला आणि पास झाले. मालन संकेश्वरला गेली, तिथून चार वर्षांनी परत दुंडग्याला आली, एकटी. ब्लाउज शिवते म्हणतात, उजव्या हातानं फारसं जमत नाही. सुट्टीत मी गडहिंग्लजला येते तेव्हा कधीकधी त्या चढापर्यंत जाते. ओसरी अजून दिसते. रस्ता अजून दहा मिनिटांचाच आहे.